झिजलेला ‘एक’

फळ्यावर लिहायचं पेन वाळलं, म्हणून ती खाली गेली. निमित्त एवढंच. संध्याकाळी इंग्रजी शिकवणाऱ्या त्या संस्थेत वरच्या मजल्यावर तिचा वर्ग भरे, बऱ्यापैकी बोलता येणाऱ्यांचा, आणि खाली नवशिक्यांचा. नवशिक्यांना शिकवणारे सर कैक वर्षं तेच होते. त्यांना सगळे व्याकरणसर म्हणत, आणि त्यांच्या खिशात दोन-तीन चालती पेनं हमखास असत. वर्गाच्या दाराला उभी काच होती. सर कुठे उभे आहेत ते बघून मगच आत जावं म्हणून तिनं काचेतून डोकावलं, आणि दुसऱ्या बाकापाशी तिला तिच्या आईची पाठ दिसली.

पाठ ओळखायला वेळ लागत नाही. चेहरा उतरतो, आवाज बसतो, पाठ मात्र तीच राहते. डावा खांदा किंचित खाली, अंगात बदामी स्वेटर, मानेवर आवळून बांधलेला लिंबाएवढा पांढरा अंबाडा. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की घरी काहीतरी झालं. गॅस, नळ, किल्ली, काहीतरी. आई आपल्याला शोधत आली आणि चुकून या वर्गात शिरली. खरं तर या वेळी आई बागेत असायला हवी होती. शेजारच्या दोघीतिघी आणि आई असा त्यांचा कंपू संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आईनं तसं सांगितलं होतं. दार ढकलणार तोच तिच्या लक्षात आलं, की आई चुकून आलेल्या माणसासारखी उभी नाही. विद्यार्थी उत्तराला उभा राहतो तशी ती उभी आहे, दोन्ही हातांची बोटं बाकाच्या कडेवर टेकवून. फळ्यावर एक वाक्य होतं. ‘माझ्या घरात’ एवढं इंग्रजीत लिहिलेलं आणि मधे जागा मोकळी. शेजारी दोन पर्याय, लिटल आणि अ लिटल. आधी कुणीतरी दूध म्हटलं असावं, कुणी साखर. सरांनी ते कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. काचेतून आवाज येत होता, थोडा चेपलेला, पण स्पष्ट.

“देअर इज लिटल टॉक,” आई म्हणाली. मग दम घेतला. “इन माय हाऊस.”

“वा, आजी! पण लिटल की अ लिटल? नीट विचार करून सांगा.”

आईनं विचार केला. तिची मान तेवढी हलली. “लिटल,” ती म्हणाली. “अ नाही.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरही हसले. आई खाली बसली आणि शेजारच्या मुलीनं तिच्या दंडावर कौतुकानं थोपटलं. दाराबाहेर उभ्या असलेल्या तिच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली, आणि तिची तिला नंतर कितीतरी वेळ भीती वाटत राहिली. ती गोष्ट म्हणजे, वाक्य बरोबर आहे. ‘अ’ लावला असता तर अर्थ झाला असता, आमच्या घरात थोडंफार बोलणं होतं. ‘अ’ काढला की अर्थ होतो, बोलणं जवळजवळ नाहीच. आईनं नीट विचार करून ‘अ’ काढला होता.

पेन न घेताच ती वर आली. जिना चढताना नाटकातल्या जिन्यावर चढावं तसं वाटत होतं, की वर काही नसणारच. पण वर वर्ग होता, माना वर करून बसलेली माणसं होती. तिच्या वर्गाचं एक वैशिष्ट्य होतं. आठवड्यातून एकदा ती धडा बाजूला ठेवून शब्दांची कूळकथा सांगे, आणि त्या दिवशी एरवी दांडी मारणारेसुद्धा हजर असत. आज मोजमापाच्या शब्दांची पाळी होती. अर्ध्या तासापूर्वी ती रंगात आली होती. इलेव्हन म्हणजे काय, तर दहा बोटं मोजून झाल्यावर ‘एक उरला’. ट्वेल्व्ह म्हणजे ‘दोन उरले’. स्कोअर म्हणजे काठीवर पाडलेली खाच, एका विसासाठी एक. ओन्ली या शब्दाच्या पोटात वन आहे, अलोन म्हणजे ऑल वन, सगळं मिळून एकटाच, आणि त्या अलोनचं डोकं उडालं तेव्हा लोनली झाला. माणसं हसली होती. तिला हे हसू आवडे. कोरडा शब्द पिळावा आणि त्यातून कुणा जुन्या माणसाचा घाम निघावा, तसं तिला वाटे. “मॅडम, पेन?” पुढच्या बाकावरच्या नर्सनं विचारलं. “नाही मिळालं,” ती म्हणाली. “तोंडीच सांगते.” आणि तोंड उघडल्यावर तिला कळलं, की पुढचा शब्द आपल्याला आठवत नाही. कागदावर होता. सेव्हरल. “सेव्हरल म्हणजे मुळात अनेक नव्हे,” ती म्हणाली. “मुळात त्याचा अर्थ वेगवेगळे. सुटे सुटे. सेपरेटचा हा सख्खा भाऊ. चार माणसं एका घरात राहतात, पण प्रत्येक जण...” ती थांबली. “प्रत्येक जण काय, मॅडम?” नर्स म्हणाली. “प्रत्येक जण सेव्हरल,” ती म्हणाली, आणि वर्ग पुन्हा हसला, कारण त्यांना वाटलं हाही विनोदच.

तिच्या घरात चार नाही, दोनच माणसं होती. ती आणि आई. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, धाकटा भाऊ परदेशात. तिनं लग्न केलं नव्हतं, किंवा राहून गेलं होतं. या दोहोंतला फरक सांगण्याचा कंटाळा आल्यावर लोकांनीही विचारणं सोडलं. दिवसभर ती भाषांतराचं काम करी, संध्याकाळी शिकवी, आणि आई घरात असे. बोलणं नव्हतं असं कुणी म्हणालं असतं तर तिला नवल वाटलं असतं. बोलणं होतंच की. चहा झाला का, गोळी घेतलीस का, खिडकी लावून घे, उद्या प्लंबर येणार आहे. आई विचारी, “आज काय शिकवलंस?” आणि ती म्हणे, “नेहमीचंच गं.” सगळ्या वर्गाला वेड लावणाऱ्या गोष्टी तिनं आईला कधी सांगितल्या नव्हत्या. सांगून काय उपयोग, आईला इंग्रजी कुठे येतं. हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं, की तो विचार म्हणून कधी समोर आलाच नव्हता. तो घराच्या भिंतींसारखा होता. आणि त्या भिंतीच्या आडोशाला ती आणि धाकटा रोज बोलत. तो कामावर जाता जाता फोन करी, तेव्हा इकडे रात्रीच्या जेवणाची वेळ असे. ती फोन ओट्यावर उभा करून ठेवी, हात मोकळे राहावेत म्हणून, आणि दोघं इंग्रजीत बोलत. आई तिथेच बसलेली असे. मटार सोलत, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत. सुरुवातीला “आई कशी आहेस?” आणि शेवटी “आई, काळजी घे,” एवढं मराठीत. मधला सगळा भाग इंग्रजीत, आणि मधल्या भागाचा विषय आई.

वर्ग संपेपर्यंत तिनं काय शिकवलं ते तिला सांगता आलं नसतं. इनफवर बोलत होती एवढं खरं. इनफच्या मुळाशी पोचणं आहे, ती सांगत होती. आणि बोलता बोलता तिला जाणवलं, की आपल्याकडेही तसंच आहे. वरच्या फळीला हात पुरत नाही, असं आपण म्हणतो, आणि दूध सगळ्यांना पुरत नाही, असंही म्हणतो. पुरणं म्हणजे पोचणं. मग तिच्या कानांत स्वतःचाच आवाज आला, ओट्यापाशी, फोनकडे वाकलेला. इनफ इज इनफ. आय हॅव डन इनफ. तो आवाज थकलेला नव्हता. चांगला ठणठणीत होता. परवाचीच गोष्ट. धाकट्याला ती सांगत होती, की आता निम्मं वर्ष तू ठेव, निम्मं मी. हाफ द इयर. हाफ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजू. याची बाजू, त्याची बाजू. आईच्या दोन बाजू करून ती मटारांच्या वर, वाफेच्या आडून, वाटून देत होती. आणि आई सोलत होती. एखादा दाणा घरंगळून ओट्याखाली गेला की वाकून उचलत होती. तिला आता आठवू लागलं, की आई गेले काही दिवस फोनच्या वेळी पंखा बंद करते. थंडी वाजते म्हणते.

ती फाटकापाशी जाऊन थांबली. खालचा वर्ग थोडा उशिरा सुटला. आई चौघांपाचांच्या घोळक्यात बाहेर आली, काहीतरी सांगत होती आणि ती माणसं हसत होती. आई विनोदी आहे हे तिला माहीतच नव्हतं. म्हणजे होतं, फार पूर्वी. वडील होते तेव्हा. मग आईनं तिला पाहिलं. आई दचकेल, ओशाळेल, निदान थांबेल, असं तिला वाटलं होतं. आईनं घोळक्यातल्या मुलीचा हात सोडला, चालत आली आणि म्हणाली, “आज लवकर सुटलीस होय?”

“तू बागेत नव्हतीस.”

“नव्हते,” आई म्हणाली. “चल, बस येईल.”

बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. आईनं पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि बाहेर बघत राहिली. दुकानांचे दिवे तिच्या गालावरून सरकत होते. किती दिवस, असं तिला विचारायचं होतं. हाऊ लाँग. मनात आधी इंग्रजी शब्द आला, म्हणून तिनं विचारलंच नाही. रागही आला होता, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. व्याकरणसरांना माहीत होतं का? ऑफिसातल्या बाईला? रोज याच इमारतीत, आपल्या पायाखालच्या खोलीत आई बसलेली, आणि आपण वर शब्दांच्या गोष्टी सांगतोय. आई तिची वर्गाची वेळ बघून आधी येत असणार, नंतर जात असणार. जिन्याशी गाठ पडू नये म्हणून संडासात थांबत असणार. सत्तरी ओलांडलेली बाई चोरासारखी. आणि तरीही त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, थंडगार. पाण्यात पाय सोडावा आणि तळ लागू नये, तसं.

घरी आल्यावर आईनं स्वेटर काढून खुंटीला लावला, हात धुतले आणि भाताचं भांडं चढवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं.”

“तू?” आई वळली. चेष्टेनं नव्हे, खरंच नवल वाटून. “चिमणे, तुला मी मागे एकदा म्हटलं होतं, मला चार शब्द शिकव. तू म्हणालीस, आता या वयात कशाला डोक्याला ताप.”

तिला ते आठवलं नाही. तिनं शोधून पाहिलं. म्हटलं असेल. आवाज आपलाच होता.

“पण कशाला? अचानक कशाला?”

आईनं गॅस बारीक केला. “तुम्ही दोघं बोलता तेव्हा माझं नाव घेत नाही. पण शी, शी असं चाललेलं असतं. आधी मला वाटायचं, घाण कसली बाई एवढी.” ती जराशी हसली. “मग शेजारणीच्या नातीनं सांगितलं, शी म्हणजे ती. म्हटलं, ती कोण? या घरात तू आणि मी. तू तर बोलतेस. म्हणजे ती मीच.”

“आई...”

“ऐक. मला सगळं नाही कळत. सर सावकाश बोलतात, तुम्ही गाडी सोडल्यासारखं बोलता. मोजायचे शब्द तेवढे पकडता येतात, ते आधी शिकवले ना. हाफ कळतं. इनफ कळतं. परवा तू म्हणालीस, शी इज अ लॉट.” आईनं तो उच्चार जपून केला, काचेचं भांडं उचलावं तसा. “अ लॉट म्हणजे पुष्कळ. मी सरांना विचारलं, माणूस पुष्कळ कसा असेल? ते म्हणाले, आजी, असं म्हणत नाहीत, तुम्ही चुकीचं ऐकलंत. पण मी बरोबर ऐकलं होतं. मी पुष्कळ झालेय तुला. आता बघ, केवढीशी आहे मी.”

तिला म्हणता आलं असतं, की त्याचा अर्थ तसा नाही. लॉट म्हणजे मुळात चिठ्ठी, लाकडाचा तुकडा. वाटणी करताना टाकायचे, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. तू माझ्या वाट्याला आलीस, असा त्याचा अर्थ. हे सगळं तिच्या जिभेवर तयार होतं, आणि ते तयार आहे हे जाणवून तिला शिसारी आली. सरळ अर्थ तोच होता. पुष्कळ. आवरेनाशी. ती स्टुलावर बसली. भाताला कढ आला होता, झाकण थरथरत होतं. आता रडावं, असं तिला वाटलं, म्हणजे हे इथं संपेल. आई पाठीवरून हात फिरवील आणि जेवायला बसू. पण आई आणखी काहीतरी सांगायच्या बेतात होती. तिनं ओट्यावरचा फडका उचलला, घडी केली, उलगडला, पुन्हा घडी केली.

“या आठवड्यात कपल शिकवलं,” आई म्हणाली. “मला आधी एकच कपल माहीत होतं. फोटोवाले म्हणतात ना, आता कपलचा एक घेऊ. नवरा-बायको. सर म्हणाले, तेही बरोबर, पण अ कपल ऑफ म्हणजे दोन-एक. अ कपल ऑफ डेज, दोन-एक दिवस. अ कपल ऑफ वीक्स, दोन-एक आठवडे.” ती थांबली. “मी वर्गातच होते. सगळे वहीत लिहीत होते. मला एकदम तो डॉक्टर आठवला.”

कुठला डॉक्टर, हे तिनं विचारलं नाही. ती खोली तिच्यासमोर आपोआप उभी राहिली. हिरवट पडदा, वडिलांच्या खाटेचं खालीवर करायचं दांडकं, ज्याला धाकट्याचा पाय सारखा लागत होता. तो रात्रीच्या विमानानं आला होता आणि डोळे लाल होते. डॉक्टर तरुण होता, त्याला इंग्रजीतच बोलायची सवय होती. खाटेच्या या बाजूला ती आणि धाकटा, पायाशी आई, हातात पाण्याची बाटली. डॉक्टर म्हणाला, अ कपल ऑफ वीक्स, आय अ‍ॅम अफ्रेड. म्हणताना त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी आईकडे.

“कपल म्हणाला तो, माझ्याकडे बघून,” आई म्हणाली. “मला वाटलं, आमच्याबद्दल काहीतरी म्हणतोय. दोघांची जोडी, की काय. चांगलं काहीतरी. मी त्याच्याकडे बघून हसले.” फडक्याची घडी आता तळहाताएवढी झाली होती. “मी लाजले, चिमणे.”

झाकण उडून बाजूला झालं आणि पाणी गॅसवर सांडलं. दोघींपैकी कुणीच हललं नाही. ज्योत फुरफुरली, पिवळी झाली, पुन्हा निळी झाली. तिला आईचं ते हसू आठवत होतं. तेव्हाही दिसलं होतं. ओळख नसताना माणूस हसतो तसं, मान किंचित तिरपी करून. तिला तेव्हा वाटलं होतं, बिचारीला काही कळलं नाही, बरंच झालं. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “काय म्हणाले?” धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. आणि ती म्हणाली, “म्हणाले, थोडे दिवस लागतील.” हे वाक्य तिला लख्ख आठवत होतं, कारण त्याचा तिला त्या वेळी जरा अभिमानच वाटला होता. खोटं नव्हतं ते. थोडे दिवस. शब्दाला शब्द लावून पाहिला तर भाषांतर बिनचूक होतं. इंग्रजीत फ्यू आणि अ फ्यू असे दोन आहेत; एक हात झटकतो, दुसरा हात धरतो. आणि दोघांत फरक फक्त त्या ‘अ’चा. तो ‘अ’ म्हणजे तरी काय, तर बोलून बोलून झिजलेला ‘एक’. आपल्या ‘थोडे’ला असं काही नाही, ऐकणाऱ्याला हवा तो अर्थ तो घेतो. आईनं घेतला. थोडे दिवस लागतील, म्हणजे मग घरी. दुसऱ्याच दिवशी आईनं रंगारी बोलावला.

“तू म्हणालीस, थोडे दिवस लागतील,” आई म्हणाली, जणू तिच्या शेजारीच त्या आठवणीत उभी राहून. “मी म्हटलं, तेवढ्यात घर रंगवून घेऊ. यांना कधीपासून हवं होतं. सामान हलवलं, पडदे धुतले, माळा काढला. सकाळी तासभर जायचे तिकडे, की धावत परत, रंगारी वाट बघायचा. वास राहू नये म्हणून खिडक्या उघड्या टाकून बसायचे. दोन-एक आठवडे होते ना माझ्याकडे?” ती पहिल्यांदाच थेट मुलीकडे बघत होती. “त्यातले किती मी पडदे धुण्यात घालवले, तू सांग. तुला मोजायचे सगळे शब्द येतात.”

तिला त्या दिवसांतलं घर आठवलं, पायऱ्यापायऱ्यांची शिडी, फरशीवर पसरलेली वर्तमानपत्रं. ती दवाखान्यातून येई आणि आईला त्या शिडीवर बघून तिला चीड येई, की हिला काही सुचतंय का, नवरा तिकडे असा पडलाय आणि हिला रंग सुचतोय. चीड. तिनं धाकट्याला फोनवर सांगितलंही होतं. शी इज पेंटिंग द हाऊस, कॅन यू बिलीव्ह इट.

“आम्हाला वाटलं, तुला सोसणार नाही,” ती शेवटी म्हणाली.

“वाटलं असेल.” आई ओट्याकडे वळली, गॅस बंद केला, सांडलेलं पुसलं. पुसता पुसता, पाठमोरी, तिनं विचारलं, “यांना माहीत होतं?”

हा प्रश्न येईल असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. वडिलांना इंग्रजी येत होतं. सगळं आयुष्य त्यांनी ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिली होती. डॉक्टर त्यांच्या उशाशी उभा राहून बोलला होता. ते जागे होते. डोळे मिटलेले नव्हते. तिनं हे आजवर कधी एकत्र ठेवून पाहिलंच नव्हतं. त्या खोलीत पाच माणसं होती आणि न कळलेलं माणूस एकच होतं. ‘नाही’ म्हणता आलं असतं. छोटासा शब्द, मराठी, समोर ठेवलेला. आईच्या पाठीवर तो शालीसारखा टाकता आला असता, आणि आई आज रात्री झोपली असती. ती आईच्या खांद्याकडे बघत राहिली, त्या उतरलेल्या डाव्या खांद्याकडे.

“हो,” ती म्हणाली. “त्यांच्यासमोरच बोलले डॉक्टर. त्यांना सगळं कळलं होतं.”

आईचा हात ओट्यावर थांबला. मग ती वळली तेव्हा तिचा चेहरा पाहून मुलगी स्टुलावरून अर्धवट उठली. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कुणीतरी मागून हाक मारावी आणि वळून पाहिलं तर रस्ता रिकामा असावा, तसा तो चेहरा होता.

“मी रोज जाऊन त्यांना रंगाचं सांगायचे,” आई म्हणाली. “आज बाहेरची खोली झाली, आज आतली. ते विचारायचे. कुठला दिलास. खिडकीच्या बाजूला गडद का फिका. माळ्याखाली डाग होता तो गेला का. एकेक भिंतीचं विचारलं त्यांनी, एकही सोडली नाही. मी म्हटलं, आता घरी आल्यावर बघालच की. तर म्हणाले, तू सांग, तू सांगितलंस की दिसतं.” तिचा आवाज खाली गेला. “एकदा मनगट धरलं माझं. आज थांब म्हणाले. मी म्हटलं, पडदे भिजत घातलेत. तर म्हणाले, बरं, जा. मला वाटलं, बरे व्हायला लागलेत, चौकश्या करतायत.”

तिला आईजवळ जायचं होतं, पण मधे स्वयंपाकघराची चार पावलांची फरशी होती आणि ती ओलांडायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. वडिलांचाही तिला राग आला, एकदम, चार वर्षांनी. आणि लगेच तो राग कुठे ठेवावा ते कळेना. त्यांनी तरी दुसरं काय केलं? आईला सोसणार नाही असंच त्यांनाही वाटलं असेल. सगळ्यांनाच वाटलं. सगळ्यांनी मिळून एका बाईला तिच्याच घरात, शिडीवर, हातात ओला फडका देऊन एकटं उभं केलं. आई रडत नव्हती. ओट्याला टेकून, समोरच्या भिंतीकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, बारकाईनं, जसा रंगाऱ्याचा हात पाहावा.

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. धाकट्याची वेळ झाली होती. फोन मुलीचा होता आणि आईनं त्याला कधी हात लावला नव्हता, वाजला तर ती हाक मारी, “चिमणे, तुझा.” मुलगी पुढे झाली. आईनं हात पुसले, एकेक बोट नीट पुसलं, आणि फोन स्वतः उचलला. कुठे दाबायचं ते तिला बरोबर माहीत होतं.

पलीकडून गाडीच्या आवाजात धाकटा घाईघाईनं म्हणाला, “हाय. इज शी अस्लीप?”

“नाही,” आई म्हणाली. “जागी आहे.”

पलीकडून गाडीचा आवाज तेवढा येत होता, मग तोही थांबला. त्यानं गाडी कडेला घेतली असावी. “आई?” तो म्हणाला. “आई, ताई कुठे आहे?”

“आहे इथंच. उभी आहे.” आईनं फोन ओट्यावर उभा केला, त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि बसली. “बोल तू. सहा महिन्यांचं तुम्ही दोघं काय म्हणत होतात ते बोल. आणि जरा सावकाश बोल, मला अजून सगळं कळत नाही.”